वामनच्या कानात वाचलेली कादंबरी

२०२३ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. भंडाऱ्यात एका घराच्या मागच्या खोलीत मी घामानं भिजून बसलो होतो. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी बंद, आवाज नको म्हणून पंखाही बंद. समोर माइक. काचेपलीकडे प्रीती. तिनं हात वर करून मला तिसऱ्यांदा थांबवलं.

"बाबा, अक्षर दिसते ना?"

"दिसते."

"मंग प्रत्येक डायलॉगनंतर थांबता काहून?"

"तो बोलन ना," मी म्हणालो.

"कोण?"

मी उजव्या हाताला पाहिलं. खोलीत मी एकटाच होतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. ते सांगायला मला लाज वाटत नाही. त्यानंतर मी जेवढं तोंडानं वाचलं तेवढं एखाद्या प्रोफेसरनं वाचलं नसेल. आमची ही धानाची झाडीपट्टी. दिवाळीच्या सुमारास नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. आज लाखांदूरच्या बाजूला, उद्या सिहोऱ्याला, परवा आंधळगावला. रोज नवं गाव आणि बरेचदा नाटकही वेगळं. नटांना पाठ करायला सवड कुठली? म्हणून पडद्याच्या आड, विंगेत, एक माणूस वही घेऊन बसतो आणि नटाला त्याचं वाक्य हळूच सांगतो. तो प्रॉम्प्टर. मी तो अडतीस हंगाम होतो.

लोकांना वाटतं, त्यात काय, वाचायचं तर आहे. बसून पाहा म्हणावं. समोरचा नट आपल्या वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांवर आला की आपलं पुढचं वाक्य पडलं पाहिजे. आधी पडलं तर नट गोंधळतो, उशिरा पडलं तर पब्लिक शिट्या मारतं. आवाज नटाच्या कानात गेला पाहिजे, पण वर टांगलेल्या माइकात गेला नाही पाहिजे. त्यात रंग भरायचा नाही. राग असो, रडणं असो, एकाच सपाट आवाजात सांगायचं, कारण आपण रंग भरला की नट आपलीच नक्कल करतो. आणि सांगून झालं की थांबायचं. तो बोलेल. मग पुढचं.

त्या गाद्यांच्या खोलीत मी तेच करत होतो. हे मला स्वतःला तोपर्यंत कळलं नव्हतं.

प्रीतीनं मला कसं शोधलं ते सांगतो. ती भंडाऱ्याचीच. पस्तिशीची बाई, दोन लेकरांची आई. नागपूरला साउंडचं काम शिकून आली. सर्कसपासून निवडणुकीपर्यंत ज्या गाड्या भोंगा लावून फिरतात, त्यांचे आवाज ती भरून देते. पुण्याच्या एका कंपनीनं तिला ऑडिओबुकचं काम दिलं. ऑडिओबुक म्हणजे वाचून भरलेलं पुस्तक. माणूस गाडी चालवताना, पोळ्या लाटताना फोनवर ऐकतो. कादंबरी झाडीतल्या एका गावाची होती. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वसलेलं गाव, त्यातली पार्वता नावाची मुलगी आणि तिचा बाप गणबा. निम्मं बोलणं आमच्या बोलीत. पुण्याचे वाचणारे ते वाचायला बसले की जिभेला ठेच लागल्यासारखं वाचत. मग प्रीतीला तिच्या वडिलांनी सांगितलं, लाखांदूरकडे एक प्रॉम्प्टर आहे, अजून जिता असेल तर त्याला विचार.

मी जिता होतो. फोनवर तिनं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो आणि संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना सांगून टाकलं. अडतीस वर्षं माझा आवाज कोणाला ऐकू येऊ नये म्हणून मी झटलो. आता तो दुनिया ऐकणार होती. एवढी फुशारकी मी मारली, हे इथं कबूल करून ठेवतो.

पहिला सॅम्पल, म्हणजे नमुन्याची चार पानं, पुण्याला गेला. तिथले केतन सर फोनवर आले. तरणा माणूस, बोलायला गोड.

"काका, उच्चार एकदम ओरिजिनल आहेत. पण फार फ्लॅट वाटतंय. आणि मध्ये मध्ये इतके गॅप का? जीव ओता ना जरा. पात्रं वेगळी करा."

मी म्हणालो, ओततो. जीव कसा ओततात ते मी अडतीस वर्षं तीन हातांवरून पाहिलं होतं. दुसऱ्या सॅम्पलला मी पार्वता बारीक आवाजात काढली, सावकार घशातून काढला, गणबासाठी हुंदके दिले. एका जागी इतका ओरडलो की प्रीतीनं कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

केतन सरांचा पुन्हा फोन आला. "काका, हे नाटक झालं. ऐकणाऱ्याच्या थेट कानात हेडफोन असतो. तो दचकेल. अजून एक सॅम्पल करू आपण, शेवटचा. नाही जमलं तर इकडून एखादा आर्टिस्ट घेतो. डायलॉगसाठी तुमचं मार्गदर्शन ठेवूच की."

मार्गदर्शन म्हणजे काय ते मला कळतं. पुन्हा विंगेत बसायचं आणि दुसऱ्यानं बोलायचं.

प्रीतीला मी म्हणालो, तुमच्या सरांनी ठरवावं की सपाट पाहिजे की भरलेलं. तिनं दोन्ही सॅम्पल माझ्या फोनमध्ये टाकून दिले आणि म्हणाली, "बाबा, घरी शांत बसून आयका. चार दिवसांनी या. अन् खर्रा खाऊन येऊ नोका. तोंडातला चटचट आवाज माइकात येते." खर्रा, म्हणजे आमच्याकडची घोटलेली सुपारी-तंबाखू, सोडणं मला सगळ्यात जड गेलं. ती मला रेकॉर्डिंगच्या आधी सफरचंदाच्या फोडी खायला लावी, त्यानं तोंड साफ राहतं म्हणे. सफरचंद मी आजाऱ्याचं फळ समजत होतो.

मी घरी गेलो नाही. गाडीतून लाखांदूरला उतरलो आणि सरळ वामनकडे गेलो.

वामन आमच्या मंडळीचा हिरो. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तो स्टेजवर आला की बायाबापड्या पोरांना गप्प करत. आवाज असा की शेवटच्या ओळीतल्या माणसालाही वाटे, हा माझ्याशीच बोलून राहिला. त्याला मी अडतीसपैकी एकतीस हंगाम प्रॉम्प्ट केलं. मी डाव्या विंगेत बसायचो, तो माझ्या उजव्या हाताला. बाकी नटांना पूर्ण वाक्य द्यावं लागे. वामनला पहिला शब्द पुरे. त्याच्या मानेची शीर हलली की मला कळे, आता दुसराही द्यावा लागणार. बाकी साऱ्यांशी तो हसून बोले. माझ्यावर मात्र त्याचा धाक होता, आणि तो त्यानं एकाच वाक्यानं बसवला होता.

ते सिहोऱ्याला झालं. नाटकात बाप मुलीला सासरी पाठवतो असा प्रवेश होता. वामन बाप. माझी मोठी मुलगी शोभा आठच दिवसांआधी सासरी गेली होती. ते वाक्य मी आधी वीस वेळा सांगितलेलं. त्या दिवशी वही डोळ्यांपुढं पुसट झाली आणि तोंडातून शब्दाऐवजी हुंदका निघाला. तो वरच्या माइकनं उचलला. सगळ्या पब्लिकनं ऐकला. वामन हात पसरून तसाच उभा. त्यानं स्वतःच्या मनानं काहीतरी जोडून प्रवेश ओढून नेला. आत आल्यावर त्यानं मिशी काढली, पेटीत ठेवली, आणि मग बोलला.

"रडाचं काम माह्यं आहे. तू रडला त मी काय करू?"

बस, एवढंच. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानंतर विंगेत माझे डोळे कधी भरले नाहीत.

आता वामनची नजर गेली आहे. शुगरनं. ओसरीवर खाट, खाटेवर तो, हाताला लागेल अशी पाण्याची बाटली. मी पायरी चढलो तसा तो म्हणाला, "ये बे. चप्पल घासत चालाची सवय गेली नाई तुही."

त्याची सून रेखा सूप घेऊन दारात तांदूळ पाखडत होती. तिनं चहा ठेवला. मी वामनला सगळं सांगितलं, थोडं माझ्या बाजूनं वाढवून सांगितलं. पुण्याच्या माणसाला काही कळत नाही, असं म्हणालो. वामन म्हणाला, लाव.

मी दुसरा सॅम्पल लावला, जीव ओतलेला. मला तोच चांगला वाटत होता. वामननं एक पान होईपर्यंत ऐकलं.

"हा कोन आहे बे?"

"मी."

"नाई. हा मी आहो. अन् वाईट मी आहो."

रेखा सुपाआड हसली. मला इतका राग आला की फोन उचलून निघणार होतो. वामन म्हणाला, "दुसरा कोनता आहे तो लाव. अन् बस. म्हातारा झाला तरी नाकावरचा राग जात नाई."

मी पहिला लावला. सपाट, मध्ये थांबे असलेला. फोनमधून माझा आवाज आला, तोच जुना, विंगेतला. गणबा पार्वताला विचारतो ते वाक्य होतं: "पोरी, पाय दुखते का?" आणि मग माझा थांबा.

त्या थांब्यात वामन बोलला. "पोरी, पाय दुखते का?"

पुढचं वाक्य आलं. थांबा. वामन बोलला. त्याला वाटेत कुठं सांगावं लागलं नाही. पाठ टेकून पडलेला माणूस केव्हा उठून बसला ते मला दिसलंच नाही. त्याचा आवाज आता फाटला आहे, पण गणबा त्यात होता. पाळीवर उकिडवा बसलेला, गुडघ्यावर हात ठेवलेला गणबा, मी वाचलेला होता त्यापेक्षा खरा. रेखाचं सूप थांबलं होतं. चार पानं संपली आणि फोन गप्प झाला. वामन अजून कान तिकडं लावून बसला होता.

"पुढं?" तो म्हणाला.

"पुढचं अजून वाचलं नाई."

"मंग वाच ना बे. त्या गनबाचं काय होते ते मले कळू दे."

किती वर्षांनी आम्ही एका नाटकात होतो. चहा निवला होता. त्यानं मला जुन्या गावांची नावं विचारली. त्या जागी अजून मंडप पडतो का, बैलगाडीतून पेट्या उतरवायला कोण यायचं, पहाटे खेळ सुटल्यावर ज्या घरी आपण धानाच्या पेंढ्यावर झोपायचो तो माणूस आहे का. बहुतेक नव्हते. आम्ही एकेकाचं नाव घेत राहिलो.

परतताना रेखा पायरीपर्यंत आली. ती म्हणाली, "मामाजी, त्या आवाज काढलेल्या बाईले मी आयकत होती त तुम्हीच दिसत होते, लुगडं नेसून. या दुसऱ्यात मले माही आई बोलल्यासारखी वाटली."

गाडीत बसून मी तेच मनात घोळवत आलो. ऐकणाऱ्याजवळ त्याची स्वतःची माणसं असतात. मी बाईचा आवाज काढला की रेखाची आई बाहेरच राहते. मी नुसतं सांगितलं की ती आत येते. पुण्याच्या सरांचंही चुकत नव्हतं. घरोघरी वामन नसतो, इतका लांब थांबा ठेवला तर माणसाला वाटेल फोन बंद पडला. आणि अगदीच सपाट वाचलं तर तो झोपेल. वामनला मी जसा पहिला शब्द द्यायचो तेवढाच सूर द्यावा आणि एका श्वासाची जागा ठेवावी, असा मी हिशोब बांधला.

चार दिवसांनी मी प्रीतीला म्हणालो, माइक समोरून काढ. माझ्या उजव्या बाजूला, हातभर लांब ठेव.

"असं कोनी करत नाही बाबा."

"मी करतो."

तिनं वाद घातला, मीही घातला. शेवटी कंटाळून तिनं माइक सरकवला, ऐकलं, आणि तिची भुवई वर गेली. प, फ, भ म्हणताना तोंडातली हवा माइकवर आदळून फट असा आवाज येतो. त्याला पॉप म्हणतात. त्यासाठी ती माइकपुढे जाळी लावी, तरी माझ्या दातांच्या फटीतून हवा सुटतच असे. माइक बाजूला गेल्यावर पॉप गेला. मी तोऱ्यात म्हणालो, पाहिलं? मला त्याचं कारण ठाऊक नव्हतं. मला फक्त वामनचा कान त्याच्या जागी पाहिजे होता.

मी वाचलं. कानाला सांगतात तसं. चार पानं एका दमात, एकही रिटेक नाही. रिटेक म्हणजे चुकलेलं पुन्हा वाचणं.

केतन सरांनी फोन चालू ठेवून ते एकदा ऐकलं, मग पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. मला वाटलं, गेलं काम. मग म्हणाले, "काका, असंच. शेवटपर्यंत असंच करा."

सतरा दिवस लागले. शोभा भंडाऱ्यातच दिली आहे, मी तिच्याकडे उतरत होतो. ती डब्यात सफरचंद कापून द्यायची आणि मी खर्रा खाल्ला की नाही ते माझ्या तोंडाकडे पाहून ओळखायची. मधल्या एका रविवारी मी अर्धी कादंबरी वामनला ऐकवून आलो. त्या एका श्वासाच्या जागेत पूर्ण वाक्य बसत नव्हतं, म्हणून तो नुसते ओठ हलवायचा.

शेवटच्या प्रकरणात पार्वता गाव सोडून कामाला जाते. गणबा पाळीवर उभा राहून म्हणतो, "जाय. मागं पाहू नोको." तिथं माझा आवाज कापला. मी काही ठरवून केलं नव्हतं. शोभाचा डबा शेजारी होता, त्यामुळे असेल. मी म्हणालो, पुन्हा घेऊ. प्रीती डोळे पुसत म्हणाली, हात नका लावू बाबा त्याला. तिनं तेवढाच तुकडा पुण्याला पाठवला. केतन सर म्हणाले, हा आपल्या पुस्तकाचा सगळ्यात भारी सेकंद आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या रडण्याची कोणी तारीफ केली होती. मीही मग पुन्हा घ्यायचा आग्रह सोडला. खोटं कशाला सांगू, सुखावलो.

पूर्ण पुस्तकाची फाइल दोन दिवसांनी पुण्याला जाणार होती. शेवटची प्रकरणं फोनमध्ये घेऊन मी वामनकडे गेलो. दुपारभर आम्ही ऐकत बसलो. रेखा काम आटोपून उंबऱ्यावर बसली. शेजारच्या दोन बायाही आल्या. पाळीचा प्रवेश आला. माझा आवाज कापला. एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. मी वामनच्या तोंडाकडे पाहत होतो. इतका वेळ हलणारे त्याचे ओठ त्या वाक्यावर थांबले, आणि मग शेवटपर्यंत हललेच नाहीत.

पुस्तक संपलं. बाया म्हणाल्या, लय छान वाचलं. मी वामनला विचारलं, कसं झालं.

"सारं चांगलं झालं."

"मंग तोंड काहून पाडलं?"

"पाळीवर तू रडला," वामन म्हणाला. "आता मी काय करू?"

मी भांडलो. म्हणालो, हे नाटक नाही, पुण्याच्या सरांना तेच आवडलं, पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, आता या बायांनाही आलं, तुला एकट्यालाच काय खुपतं. तो ऐकून घेत होता. नजर नसलेला माणूस समोर बघत राहतो तसं समोर बघत म्हणाला, "त्याइले तुही दया आली बे. गनबाची नाई आली." आणि रेखाला म्हणाला, याला जेवू घाल, उपाशी भांडते.

मी जेवलो नाही. गावी गेलो, रागातच.

ते पुस्तक आता फोनवर आहे. किती लोक ऐकतात ते मला माहीत नाही, प्रीती म्हणते बरे ऐकतात. माझं नाव शेवटी आहे, तिथपर्यंत कोणी ऐकत नसेल. वामन गेल्या उन्हाळ्यात वारला. त्याच्या खाटेपाशी ते पुस्तक घातलेला फोन होता असं रेखा म्हणाली. माइकपुढं वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, विचारलं तर: आपल्याला रडू आलं तर घरी रडावं, माइक चालू असताना दुसऱ्याची पाळी असते. हे शिकायला मला चौथीनंतर साठ वर्षं लागली, आणि तेही एकाच माणसाकडून दोनदा.

वामनशी भांडून आलो त्या दिवशी मात्र रागात मी ठरवलं होतं की काही बदलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं, खर्ऱ्याची पुडी घरीच ठेवली, पहिल्या गाडीनं भंडाऱ्याला गेलो आणि प्रीतीला म्हणालो, पाळीचं पान काढ. तिनं कारण विचारलं, तोवर मी जागेवर जाऊन बसलो होतो. माइक उजवीकडे होता तसाच होता. मी त्याच्याकडे तोंड केलं आणि सांगितलं, "जाय. मागं पाहू नोको." आणि थांबलो, तो बोलेपर्यंत.